शिक्षेला स्थगिती म्हणजे सुटका नव्हे

मा. संपादक,

तुमच्या पेपरातल्या कोर्टाच्या बातम्यांच्या हेडिंगबद्दल लिहितोय. 'हायकोर्टाचा दिलासा, शिक्षेला स्थगिती' असं छापून आलं की आमच्या ग्रुपवर लगेच सुरू होतं, सुटला बघा, पैसा फिरला असणार. अहो सुटला कुठे, अपील पेंडिंग आहे तोवर जामिनावर बाहेर आहे, दोषी असल्याचा शिक्का कपाळावर तसाच आहे. तो शिक्काच थांबवणं, म्हणजे दोषसिद्धीला स्थगिती, ही वेगळी गोष्ट आणि ती क्वचितच मिळते, आमदार-खासदारांची खुर्ची अडकते ती तिथे.

मी बरीच वर्षं सेशन कोर्टातल्या साक्षी मराठीतून इंग्रजीत करून द्यायचं काम केलं, अपिलाच्या पेपरबुकात, म्हणजे हायकोर्टासाठी बांधलेल्या केसच्या कागदांच्या गठ्ठ्यात, लागतात त्या. साक्षीदार उलटतपासात म्हणतो 'अंधार होता, पण चालीवरून ओळखला', आणि ते म्हणताना तो अडखळला, वकिलाची नजर टाळली, हे सेशनच्या जज्जाला दिसतं, हायकोर्टात पोचतो माझा टाईप केलेला कागद. तिथे साक्षीदाराला सहसा परत बोलवत नाहीत. तरी शिक्षा झालेल्याच्या अपिलात हायकोर्ट सगळा पुरावा पहिल्यापासून तपासू शकतं, नव्हे तपासायलाच पाहिजे, अगदी आरोपीचा वकील तारखेला उगवला नाही तरी नुसतं तेवढ्यावरून अपील फेटाळता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये बनी सिंग केसमध्ये हे सांगून ठेवलंय. निर्दोष सुटलेल्याच्या विरोधातलं अपील असलं की मात्र हात आखडता. सुप्रीम कोर्टाचाच 2007 चा चंद्रप्पा निकाल आहे, पुराव्यावरून दोषी आणि निर्दोष असे दोन्ही अर्थ निघू शकत असतील तर खालच्या कोर्टाने सोडलेल्याला हात लावू नका.

शिक्षेचं तर अजूनच वेगळं. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा कमी होऊ शकते, वाढत नाही. वाढवून हवी तर सरकारने वेगळं अपील करायचं आणि गंमत म्हणजे त्यात आरोपी उलट म्हणू शकतो की वाढवायचं राहू दे, मला निर्दोषच सोडा. आणि सेशन कोर्टाने फाशी दिली तर आरोपीने अपील करो न करो, हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती अंमलात येतच नाही.

तेव्हा विनंती एवढीच, 'दिलासा' हा एकच शब्द सगळीकडे चिकटवू नका. नुसता जामीन झालाय का, वर्षं कमी झालीत का खरंच निर्दोष ठरलाय, आणि ठरला असेल तर कुठल्या साक्षीवर कोर्टाचा विश्वास बसला नाही, हे हेडिंगात मावत नसेल तर पहिल्या दोन ओळीत तरी येऊ दे.

आपला,
एक नियमित वाचक