आई-बाबा, एक तारखेपासून केबल बंद

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बरं, बघू" म्हणून फोन आईच्या हातात देणार आणि आई विषय जेवणावर नेणार. म्हणून नीट लिहून पाठवतेय. एक तारखेपासून घरातली केबल बंद करायची असं दादाने आणि मी ठरवलंय. इंटरनेटवरून मालिका-बातम्या दाखवणारी, टीव्हीमागे लावायची स्टिक दादाकडे आली आहे. रविवारी तो घेऊन येईल, लावेल आणि तुम्हा दोघांच्या हातून चालवून घेतल्याशिवाय परत जाणार नाही. आधी विचारलं नाही, कारण विचारलं की तुम्ही "आहे ते बरं आहे" म्हणता आणि पैसे जात राहतात.

आई, आधी तुझं. तू बघतेस त्यातली एकही मालिका सुटणार नाही. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर येतात, झी मराठीच्या झी५वर. ही दोन्ही ॲप घेतली आहेत. सोनी मराठीच्या मालिका सोनीलिव्हवर असतात, पण ती वाहिनी तू फारशी लावत नाहीस म्हणून ते तूर्त घेतलं नाही. हवं असेल तर मनात ठेवू नकोस, सांग. आणि एक मोठं सुख म्हणजे मालिका तुझ्या वेळेला लागते. मध्येच कुणी आलं, दूध वर आलं, माझा फोन आला, तर थांबवायची आणि नंतर तिथूनच पुढे बघायची. मालिकेची वेळ झाली म्हणून अर्धवट जेवून उठायचं नाही.

बाबा, तुमच्या बातम्यांचं तर काहीच अडणार नाही. एबीपी माझा, झी २४ तास, टीव्ही९ मराठी, न्यूज१८ लोकमत या वाहिन्या यूट्यूबवर दिवसभर थेट चालतात आणि त्याला पैसे लागत नाहीत. सह्याद्री तुमची रोजची, ती प्रसार भारतीच्या वेव्हज या ॲपवर आहे. हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. दादा ते तुमच्या फोनवरही घालून देईल. क्रिकेटचं मात्र एक ध्यानात ठेवा. इंटरनेटवरून येणारा सामना केबलपेक्षा अर्धा-पाऊण मिनीट मागे असतो, कारण चित्र छोट्या छोट्या तुकड्यांत येतं आणि अडखळू नये म्हणून स्टिक थोडा साठा करूनच दाखवते. शेजारी विकेटची आरडाओरड आधी होईल. आपल्याकडे काही बिघडलंय असं समजून रिमोटशी खटपट करू नका.

आता हिशेब, कारण बाबा तो मागणारच. खालच्या टीव्हीचे महिन्याला ४६० आणि माडीवरच्या बॉक्सचे २१०, मिळून ६७०. वर्षाचे ८,०४० रुपये. २०१९ साली ट्रायच्या, म्हणजे केबल-फोनचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नव्या नियमानंतर वाहिन्या निवडायचा तो लांबलचक कागद भरला होता ना, तेव्हापासून बिलात १३० रुपये नेटवर्कचे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे हे पैसे लागणारी एकही वाहिनी न लावता जातात. उरलेले पॅकचे. त्या पॅकमधल्या तुम्ही खरोखर बघता अशा वाहिन्या मी आईला विचारून लिहून काढल्या, तर त्या एका हाताच्या बोटांवर मावल्या. आणि माडीवरचा टीव्ही आईचे गुडघे धरल्यापासून कुणी लावलेलाच नाही.

नव्या व्यवस्थेत दोन ॲपचे वर्षाला साधारण २,५०० जातील. स्टिक ३,५०० आणि राउटरसाठी छोटा यूपीएस १,२००, हे दोन्ही एकदाच. म्हणजे पहिल्या वर्षी जेमतेम आठशे वाचतील, खरी बचत दुसऱ्या वर्षापासून, साडेपाच हजारांच्या पुढे. हे जमतंय ते घरात ब्रॉडबँड आधीपासून आहे म्हणून. त्याचे महिन्याला ४७१ आपण व्हिडिओ कॉलसाठी आणि बाबांच्या बँकेच्या कामासाठी भरतोच. टीव्हीसाठी म्हणून ते नव्याने घ्यावं लागलं असतं तर वर्षाचे ५,६५२ आणि ॲपचे २,५०० मिळून ८,१५२ झाले असते, म्हणजे केबलपेक्षा शंभर रुपये जास्तच. तसं असतं तर मी डीडी फ्री डिशची छत्री लावायला सांगितली असती. तिला महिन्याचं भाडंच नसतं. आत्याला हेच सांगा, तिच्याकडे इंटरनेट नाही. आमचं बघून तिने घाईने स्टिक आणू नये.

ॲपचे वर्षाचे पैसे मी भरले आहेत. बाबा, त्यावर वाद नको. पेन्शनमधले ६७० दर महिन्याला तुमच्याकडेच राहू देत.

केबलवाल्या काकांचं तुम्हाला वाईट वाटेल, हे मला माहीत आहे. पुराच्या वर्षी ते आपल्यासाठी किती धावले हे मीही विसरलेली नाही. पण आपलं ब्रॉडबँड त्यांच्याकडूनच आहे, ते तसंच राहणार आहे. त्यांचं येणं-जाणं, चहा, काही सुटणार नाही. दादा त्यांच्याशी बोललाय. खालचं कनेक्शन आत्ताच कायमचं तोडायचं नाही, दोन पूर्ण महिन्यांसाठी तात्पुरतं बंद ठेवायचा अर्ज द्यायचा आहे. तशी सोय नियमात आहे. दोन महिन्यांत तुमचं मन रमलं नाही तर केबल परत सुरू करू, मी एक शब्द बोलणार नाही. माडीवरचं मात्र आत्ताच बंद. तो बॉक्स, त्यातलं कार्ड, अडॅप्टर आणि रिमोट, चारही वस्तू काकांना देऊन त्यांच्याकडून "मिळाले" असं तारखेसह लिहून घ्या. अनामत किती होती ते जुन्या पावतीवर असेल. कपाटातल्या निळ्या फायलीत बघा.

एक गोष्ट खरोखरच जाणार आहे आणि ती लपवत नाही. केबलवर गावातली आपली स्थानिक वाहिनी दिसते, गावच्या बातम्या, निधनवार्ता, विसर्जनाची मिरवणूक. ती या ॲपवर नाही. तिचं यूट्यूबवर काही आहे का ते दादा शोधतोय. नसेल तर विसर्जनाच्या महिन्यापुरती केबल लावू. मिरजेत राहून मिरवणूक न बघता बसायचं, हे मलाही पटणार नाही.

आता लावण्याविषयी. दादा हे करेलच, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं. आपला टीव्ही जुना असला तरी त्याला मागे एचडीएमआयची दोन भोकं आहेत. एकात केबलचा बॉक्स आहे, दुसऱ्यात स्टिक जाईल. स्टिक थेट टीव्हीत न खुपसता सोबत आलेल्या वीतभर वायरला जोडायची, कारण टीव्हीच्या अगदी पाठीला चिकटली की वायफाय नीट मिळत नाही आणि ती तापतेही. तिची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून, तिच्याच अडॅप्टरने घ्यायची. टीव्हीच्या यूएसबीत खोचलं तर दिसायला सुटसुटीत दिसतं, पण जुन्या टीव्हीच्या त्या भोकातून अर्धाच अँपिअर मिळतो. मग स्टिक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होत राहते आणि लोक तिलाच खराब म्हणून परत करतात.

राउटर बैठकीत आणि टीव्ही मधल्या खोलीत, मध्ये जुनी जाड भिंत. त्यामुळे स्टिक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडायला दादाला सांगितलंय. ५ गिगाहर्ट्झचं वेगवान असतं, पण भिंत ओलांडताना दम तोडतं. आपला प्लॅन ३० एमबीपीएसचा आहे आणि स्वच्छ चित्राला ५ पुरतात, तेव्हा वेग वाढवून घ्या असं कुणी फोनवर सांगितलं तर ऐकू नका. यूपीएस १२ व्होल्टचा आहे. आपला राउटरही १२ व्होल्टचाच, अडॅप्टरवर लिहिलंय, ते मी फोटोत बघून घेतलं. दुसऱ्या कसल्याही यंत्राची पिन त्यात बसते म्हणून खोचायची नाही, व्होल्ट वेगळे असले तर यंत्र जळतं.

लहानपणी रविवारच्या पेपरातल्या टीव्हीच्या कार्यक्रमांवर बाबा लाल पेनने खुणा करायचे आणि तो तुकडा कापून टीव्हीवर ठेवायचे. आमची परीक्षा असली तरी त्यातली एक खूण आमच्यासाठी असायची. तसाच एक कागद मी मोठ्या अक्षरांत करून दादाबरोबर पाठवतेय. कुठली मालिका कुठल्या ॲपवर, त्या ॲपचा रंग कोणता, एवढंच. रिमोटवर बटणं थोडी आहेत. घराचं चित्र म्हणजे सुरुवातीला जायचं, वळलेला बाण म्हणजे एक पायरी मागे, मधलं गोल म्हणजे हेच हवंय. कुठेही अडकलात तर घराचं बटण दाबा, काहीही पुसलं जात नाही, काहीही बिघडत नाही. माईकचं बटण दाबून धरून नुसतं "सह्याद्री बातम्या" म्हटलं तरी शोधून देतं. आई, तू मुळीच घाबरू नकोस. मोबाईलवर पैसे पाठवायला तू घरात सगळ्यांच्या आधी शिकलीस.

अडचणी तीनच येतील. पडद्यावर "नो सिग्नल" आलं तर टीव्हीच्या जुन्या रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबून एचडीएमआय २ निवडा. चित्र फिरत राहिलं, गोल गोल चक्र आलं, तर राउटर बंद करून मनात तीस मोजा आणि पुन्हा सुरू करा. दोन-तीन मिनिटं थांबा, लगेच बटणं दाबत सुटू नका. आणि राउटरवर लॉस लिहिलेला दिवा लाल लागला तर घरात काहीही करून उपयोग नाही, तार बाहेर तुटलेली आहे किंवा घरात कुठेतरी मुडपली आहे. तेव्हा थेट केबलवाल्या काकांना फोन. ती बारीक पिवळी तार आतून काचेची आहे. झाडताना तिला ओढू नका, खिळ्याला गुंडाळू नका, आणि कामवाल्या मावशींनाही एकदा दाखवून ठेवा.

आता जे सांगतेय ते दोघांनी ऐकायचंच. टीव्हीची वर्गणी संपली, सेट चालू करायला पैसे भरा, केवायसी राहिली, असा कुठलाही फोन आला तर तो खोटा. ओटीपी सांगायचा नाही, कुणी सांगितलं म्हणून फोनमध्ये काही उतरवून घ्यायचं नाही, आणि मदतीचा नंबर गुगलवर शोधायचा नाही, तिथे चोरांचेच नंबर भरपूर असतात. काही अडलं तर मला किंवा दादाला फोन. समजा घाईत पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका, त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन करा, मग मला. मी रागावणार नाही, शपथ. ॲपचे पैसे माझ्या कार्डवरून कापले जातात आणि कापण्याच्या किमान एक दिवस आधी बँक मला कळवते. तुमच्या खात्याचा यात कुठेच संबंध नाही.

आई, ॲपवर एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. ते दादाला बंद करायला सांगितलंय, तू परत चालू करू नकोस. केबलवर मालिका संपली की तू उठायचीस तरी. आता सलग तीन भाग बघत बसलीस तर गुडघे धरतील आणि रात्रीची गोळी उशिरा होईल. प्रत्येक भागानंतर उठून माजघरातून एक चक्कर मारायची. बाबा, तुम्हीही रात्री साडेदहानंतर वादावादीच्या चर्चा लावू नका, डॉक्टरांनी बीपीबद्दल काय सांगितलंय ते तुम्हाला माहीत आहे. आणि पैसे वाचले म्हणून ते साठवत बसू नका, आईची शुगरची तीन महिन्यांची तपासणी या महिन्यात आहे, ती त्यातून होईल.

रविवारी सगळं लावून झालं की फोन करा. आई, तू स्वतः मालिका लावून दाखव, दादाने लावलेली चालणार नाही.

तुमची,
धाकटी

ता. क. खालच्या बॉक्सचा अडॅप्टर आणि रिमोट दोन महिने पिशवीत घालून वरच्या कप्प्यात ठेवा. रद्दीवाला आला की बाबा जुन्या वायरी देऊन टाकतात, त्यात हा जाऊ देऊ नका.