डिस्चार्ज कार्डावर चालणंही लिहा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

२९ सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनाला आपल्या पुरवणीत तेल-तुपावर पानभर मजकूर होता. सौ.ने लगेच कात्रण कापून फ्रिजवर चिकटवलं आणि रविवारचे पोहे-जिलबीतली जिलबी गेली. व्यायामाला मात्र त्या पानावर जेमतेम दोन ओळी मिळाल्या, म्हणून हे पत्र.

मी टपाल खात्यातला निवृत्त कारकून. ३४ वर्षं इंदूरच्या पोस्टात काउंटरच्या आत बसून काढली. मनिऑर्डरी, बचतीची पासबुकं. मार्चअखेरीला तर डबाही खुर्चीतच उघडायचा. हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोस्टमन मंडळी टपाल लावून घेत आणि सायकली काढत. जेल रोड, रामबाग, नारायण बाग, जुन्या वाड्यांचे अंधारे जिने. दुपारी घामाघूम होऊन परतले की आम्ही पंख्याखाली बसून त्यांची कीव करायचो. गेल्या डिसेंबरात हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीची बारीक नळी) बसला तो मला. भेटायला आलेले पोस्टमन माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, आमचे दोन मजले चढून आले आणि दारातच गप्पा सुरू!

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, कबूल. पण नेमकी हीच तुलना जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी हजारो नोकरदारांवर केली आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर जिना वर-खाली. हृदयविकार कंडक्टरांमध्ये बराच कमी निघाला, आणि झाला तरी सहसा उतारवयात, सौम्य. पोस्टमन आणि टेबलावरचे कारकून यांच्यातही तोच फरक! पुढे त्यांनी बसवाल्यांच्या गणवेशाच्या पॅंटींची मापंसुद्धा तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या होत्याच, पण सगळा दोष पोटाचा नव्हता. सुटलेल्या पोटाचा कंडक्टरही तशाच पोटाच्या ड्रायव्हरपेक्षा सुरक्षित होता. ‘वजन उतरत नाही, मग चालून काय उपयोग’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता माझी तक्रार. दवाखान्यातून सुटताना कार्डावर सात गोळ्या वेळेसकट लिहिल्या होत्या आणि खाली एक शब्द : आराम. तो मी इमानाने पाळला. तीन महिने जिना उतरलो नाही. दूध, भाजी, गॅसची पावती, सगळं सौ.च्या गुडघ्यांवर. मग पुण्याहून भाच्याच्या बायकोचा फोन आला. ती फिजिओथेरपिस्ट आहे. “मामा, रीहॅब सुरू केलं का?” मला वाटलं व्यसनमुक्ती. म्हटलं, “अगं, मी सुपारीसुद्धा खात नाही!” हसू आवरल्यावर तिने सांगितलं, की स्टेंट किंवा बायपासनंतर देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम म्हणजे हे रीहॅब, आणि तो उपचाराचाच भाग आहे. त्याने हृदयविकाराचे मृत्यूही घटतात आणि पुन्हा भरती होण्याची पाळीही कमी येते.

डॉक्टरांना विचारून सुरुवात केली. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. आता नेहरू पार्कात रोज अर्धा तास. वेग किती ठेवायचा? बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. छाती दाबल्यासारखी वाटली किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं. सकाळी अंथरुणात मोजलेली नाडी ८४ वरून ७० वर आली. त्यात गोळीचाही वाटा आहे, सगळी फुशारकी माझी नव्हे.

मला सर्वांत नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी खिशात असते ना, तिच्यातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि रक्तवाहिन्या सैलावतात. भरभर चालताना रक्ताचा वेग वाढतो, तेव्हा वाहिन्यांचं आतलं अस्तर तोच वायू स्वतः बनवतं. रोज चाललं की अस्तराची ही सवय टिकते. शिवाय रक्तदाब आणि साखरही आटोक्यात राहते. (पण तेवढ्यावरून खिशातली गोळी कोणी घरी ठेवू नये. मी ठेवत नाही.)

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. माझ्यासारख्याला किती, हे डॉक्टरांनीच ठरवावं. शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांना आपल्या पत्रातून विनंती, की गोळ्यांच्या यादीखाली ‘चालणे : इतकी मिनिटे, आठवड्यातून इतके दिवस’ एवढी ओळ लिहीत जा. पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे. कार्डावर ‘आराम’च्या खाली पट्टीने रेघ मारून जागा करून ठेवली आहे, पेन मीच नेईन.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
रामबाग, इंदूर