भाडेपट्ट्याची मुदत वाढवण्याबाबत

रेडिंग, इंग्लंड
दि. ९ मार्च २०२५

तीर्थस्वरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

गेल्या रविवारी माझ्या इथल्या फ्लॅटच्या भाडेपट्ट्याची मुदत वाढवण्याबद्दल सांगत असताना फोन मध्येच तुटला आणि बोलणे अर्धवट राहिले. पुन्हा लागला तेव्हा बाबा एवढेच म्हणाले, "विहिरीकडचे दोन एकर काढून टाकू, पण घर जाऊ देऊ नकोस, आणि हे तोंडी सांगू नकोस, कागदावर लिहून पाठव." तलाठ्याच्या नोकरीत एकतीस वर्षे तोंडी गोष्टीवर कधी भरवसा न ठेवलेल्या माणसाने कागद मागावा, हे रास्तच आहे. म्हणून सविस्तर लिहिते. परंतु आधी मुख्य ते सांगते. घर कुठेही जात नाही आणि शेत विकायचे नाही. त्या काळजीने आईला रात्रभर झोप लागली नाही असे दादाने कळवले, तेव्हा हे अर्धवट बोलणे मी फोनवर काढलेच का, असे मला झाले.

बाबा, तुमचा प्रश्न असा होता की खरेदी झाली, बँकेचे कर्ज चालू आहे, मग मुदत कसली उरली? खरे सांगायचे तर २०२१ मध्ये मी जे विकत घेतले ती जागा नव्हे, तर त्या जागेत ठरावीक वर्षे राहण्याचा नोंदणीकृत हक्क आहे. इमारत आणि तिच्याखालची जमीन मूळ मालकाची आहे. पट्टा २४ जून २००७ पासून ९९ वर्षांचा आहे, म्हणजे तो २१०६ साली संपेल. आपले सिडकोतले मामा भाडेपट्ट्याच्याच जागेवर राहतात, तेव्हा हा प्रकार तुम्हाला अगदीच नवा नाही. फरक इतकाच की तिथे पट्टा देणारे सरकारी महामंडळ आहे आणि इथे खासगी मालक, ज्याला दरवर्षी दोनशे पौंड भुईभाडे मिळते आणि मुदत संपल्यावर घरही मिळायचे असते.

इथले बहुतेक सगळे फ्लॅट असेच आहेत आणि त्यामागे कायद्यातली एक जुनी अडचण आहे. इंग्लंडच्या कायद्यात जमिनीचा मालक "छताची दुरुस्ती माझ्या खर्चाने करीन" असे लिहून देऊ शकतो, परंतु त्याने ती मालमत्ता विकली की खर्चाची ती जबाबदारी नव्या मालकावर आपोआप येत नाही. एकावर एक घरे असताना हे परवडणारे नाही, म्हणून सगळ्यांना पट्टेदार करून त्या अटी पट्ट्यात बांधल्या जातात. आपल्याकडे हेच काम सहकारी गृहनिर्माण संस्था करते. दादाच्या सोसायटीतल्या भांडणांना आपण नावे ठेवतो खरी, पण ती निदान मालक-मालकांची भांडणे आहेत.

आता काळजीचे कारण. पट्ट्याची आज एक्क्याऐंशी वर्षे आणि साडेतीन महिने शिल्लक आहेत. पुढच्या वर्षी, २४ जून २०२६ ला, ती ऐंशीवर येतील, आणि त्या दिवसापासूनच हिशेब बदलतो. ऐंशी किंवा त्याहून कमी वर्षे उरलेल्या पट्ट्याला मुदतवाढ घेताना "मॅरेज व्हॅल्यू" नावाची रक्कम द्यावी लागते. लग्नाशी तिचा संबंध नाही, आईने घाबरू नये. मुदतवाढीमुळे मालकाच्या आणि पट्टेदाराच्या हक्कांची मिळून जी किंमत वाढते, तिचा निम्मा वाटा मालकाला देणे, एवढाच त्याचा अर्थ. मूल्यांकन करणाऱ्या सर्व्हेयरच्या मते माझ्या बाबतीत तो पाच-सहा हजार पौंडांनी अंगावर येईल.

ऐंशीच्या वर असताना मात्र दोनच गोष्टी मोजायच्या असतात: बुडणाऱ्या भुईभाड्याची भरपाई आणि घर मालकाकडे परत जाणे लांबल्याची भरपाई. दुसरी गोष्ट तुम्ही तुमच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहा. घराची किंमत २,८०,००० पौंड धरली आणि ती एक्क्याऐंशी वर्षांनी हाती येणार असली, तर फ्लॅटसाठी इथे प्रचलित असलेल्या पाच टक्के दराने तिचे आजचे मोल सुमारे ५,४०० पौंड होते. भुईभाड्याचे साधारण तीन हजार त्यात मिळवा. म्हणजे रक्कम आठ ते नऊ हजारांच्या घरात जाते. शिवाय माझा वकील, माझा सर्व्हेयर आणि मालकाच्या वकिलाचा व मूल्यांकनाचा वाजवी खर्चही माझ्याकडेच, हे मला अजूनही पचत नाही. सगळे मिळून तेरा हजार पौंड, आपले साडेचौदा लाख रुपये धरा. माझ्या खात्यात सोळा हजार आहेत.

सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी वर्ग दोनची जमीन वर्ग एक करताना लोक नजराणा भरायला तुमच्याकडे यायचे, तसेच हे समजा. फक्त इथे मंजुरी मागायची नसते. १९९३ च्या कायद्याप्रमाणे तो माझा हक्क आहे. त्याच्या कलम ४२ खाली मालकाला नोटीस दिली की उरलेल्या मुदतीत नव्वद वर्षे मिळतात आणि भुईभाडे बंद होते. मूल्यांकन नोटिशीच्या तारखेचे धरले जाते, त्यामुळे पुढे कितीही घोळ घातला तरी ऐंशीची रेष मला लागत नाही. मालकाला उत्तर द्यायला किमान दोन महिने द्यावे लागतात. रकमेवर एकमत झाले नाही, तर त्याच्या उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मी नोटीस मागे घेतली, तर मात्र वर्षभर दुसरी देता येत नाही. म्हणून पहिलीच नीट द्यायची.

जानेवारीत मालकाच्या एजंटाचे पत्र आले होते: नोटिशीच्या भानगडीत न पडता सात हजारांत एकूण सव्वाशे वर्षे करून देतो, उत्तर अठ्ठावीस दिवसांत द्या. मला क्षणभर मोह झाला. मग चौथ्या पानावर सापडले की २१०६ पर्यंत दोनशे पौंड भुईभाडे चालूच राहणार. दोनशे गुणिले एक्क्याऐंशी मी त्या पत्राच्या समासातच केले आणि पत्र फायलीत ठेवून दिले.

दादाचे म्हणणे असे की नवा कायदा झाला आहे तर थांबावे. मे २०२४ मध्ये तो झाला हे खरे. त्यात ९९० वर्षांची मुदतवाढ आहे आणि मॅरेज व्हॅल्यूही काढून टाकली आहे. परंतु या तरतुदी अजून लागू झालेल्या नाहीत आणि बड्या जमीनमालकांनी न्यायालयात आव्हान दिले आहे. ऐंशीच्या वर मला मॅरेज व्हॅल्यू लागतच नाही. तेव्हा थांबून मिळायचे थोडे आणि रेष ओलांडली गेली तर जायचे पुष्कळ. एकशे एकाहत्तर वर्षे मला पुरेत. मे महिन्यात नोटीस देण्याचे मी ठरवले आहे.

आईसाठी एक गंमत. नव्या पट्ट्यात भुईभाडे शून्य असे लिहीत नाहीत, "मिरीचा एक दाणा" असे लिहितात. काहीतरी मोबदला दाखवावा म्हणून चालत आलेली ही जुनी रीत आहे. तू एका वेळच्या येसराला जेवढे मिरे भाजतेस, तेवढ्यात आमच्या अख्ख्या इमारतीचे बरीच वर्षे भागेल.

बाबा, पट्ट्याची आणि नकाशाची झेरॉक्स, महत्त्वाच्या कलमांच्या मी केलेल्या मराठी भाषांतरासह, पाडव्याला अंबाजोगाईला येणाऱ्या मैत्रिणीबरोबर पाठवते आहे. तळघरातली सायकलची खोली मी चार वर्षे वापरते. पण नकाशावरची माझ्या हद्दीची लाल रेघ तिच्याभोवती आहे की दाराशीच थांबते, हे मला ठरवता येत नाही, आणि वकील प्रत्येक प्रश्नाचे पैसे लावतो. चतुःसीमा वाचण्यात तुमचा हात कोण धरणार? तेवढे पाहून सांगा. मात्र डॉक्टरांनी डोळ्याला ताण द्यायला परवानगी दिल्यावरच कागद हाती घ्या. तोपर्यंत आईने तो पाकिटासकट कपाटात ठेवावा.

तुमची लेक