शिवी ऐकून माणसाची परीक्षा करू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील राग आणि मेंदू यांवरचा लेख काल वाचला आणि आज हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. अमिग्डाला धोक्याची चाहूल घेतो, हायपोथॅलॅमस शरीराला झुंजीसाठी सज्ज करतो आणि कपाळामागचा भाग या साऱ्याला आवर घालतो, हे लेखकाने सोप्या भाषेत सांगितले आहे आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटच्या चौकटीतील विधानाबद्दल. सुसंस्कृत माणसाचा मेंदू कितीही संतापला तरी तोंडून अपशब्द बाहेर पडू देत नाही, असे तेथे ठामपणे छापले आहे. हे विधान चुकीचे आहे आणि आमच्या घराला ते फार लागले.

माझे थोरले बंधू नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून ‘च्यायला’ एवढाही शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता. घरात दुसऱ्या कोणी तो उच्चारला, तर दादा भरल्या ताटावरून उठत. पुढे त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात व पाय लुळा पडला आणि मेंदूच्या डाव्या बाजूच्या भाषेच्या भागाला इजा होऊन वाचाघात झाला. समोरचा काय बोलतो ते त्यांना बहुतांशी कळते, आपल्याला काय सांगायचे आहे तेही ठाऊक असते, परंतु पाणी, चष्मा, वहिनींचे नाव यांतले काहीही हवे त्या वेळी जिभेवर येत नाही. येते ती एकच शिवी, जी मी येथे लिहिणार नाही. तहान लागली तरी तीच, आणि नातवाने पेढा भरवल्यावर डोळे भरून आले तरीही तीच.

मागील नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही त्यांना बँकेत नेले. खिडकीतील कर्मचाऱ्याने नाव विचारले. दादांनी नाव सांगण्याची पराकाष्ठा केली आणि जे बाहेर पडायचे तेच बाहेर पडले. वहिनी डॉक्टरांचा कागद पुढे करीत असताना त्या कागदाकडे न पाहता ‘या वयात तरी तोंड सांभाळायला शिकवा यांना’ असे त्या गृहस्थांनी सर्वांसमोर सुनावले आणि सुरक्षारक्षकाला बोलावले. दादांना त्यातला प्रत्येक शब्द कळत होता. प्रतिवाद करण्यासाठी त्यांच्याजवळ पुन्हा तीच शिवी होती, आणि तिच्यामुळे प्रकरण आणखी चिघळले. आता आपल्या लेखातील ती चौकट आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘काहींनी अवश्य वाचावी’ अशा शेऱ्यासह फिरते आहे. तो शेरा कोणासाठी आहे, हे न कळण्याइतके आम्ही भाबडे नाही.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला नवी नाही. १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णामुळे मेंदूतील वाचेचा भाग दाखवून दिला, तो लबोर्न्य नावाचा रुग्ण कोणत्याही प्रश्नाला ‘तान’ एवढाच आवाज काढत असे. मात्र आपले म्हणणे समोरच्याला कळत नाही असे दिसले की संतापून तो एक शपथवजा शिवी अगदी स्पष्ट हासडत असे. इंग्लंडमधील ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनीही त्याच शतकात असे रुग्ण नोंदवले. १९६६ मध्ये तर अमेरिकेतील अशा एका प्रौढ रुग्णाची हकिगत प्रसिद्ध झाली, ज्याच्या मेंदूचा डावा अर्धगोल गाठीमुळे काढून टाकावा लागला होता आणि तरीही त्याच्या तोंडून शिव्या मात्र सुस्पष्ट निघत होत्या. विचारपूर्वक वाक्य जुळवण्याचे काम बहुतेकांच्या मेंदूत डावी बाजू करते, तर घोकून किंवा भावनेच्या भरात पक्क्या झालेल्या शब्दांमध्ये उजव्या बाजूचा आणि मेंदूच्या खोलवरच्या बेसल गँग्लियाचाही वाटा असतो, असे अभ्यासक मानतात. म्हणूनच अशा रुग्णांना अनेकदा अंक ओळीने म्हणता येतात, प्रार्थना म्हणता येते, गाता येते. आमचे दादा आरती शब्दांसह म्हणतात आणि ती संपली की प्रसाद मागू शकत नाहीत.

झटक्यानंतर काहींचा राग खरोखरच वाढतो, हेही मला मान्य आहे. पण त्याचेही कारण बहुधा त्या इजेतच असते, त्यांच्यावर झालेल्या संस्कारांत नसते.

लेखात फिनिअस गेज या अमेरिकी रेल्वे कामगाराचे उदाहरण मोठ्या तपशिलाने दिले आहे. १८४८ मध्ये व्हर्माँटमध्ये लोखंडी पहार त्याच्या कवटीतून आरपार गेली आणि तो शिवराळ व तापट झाला, एवढेच सांगून लेखक थांबतात. त्याच गेजने पुढे चिली देशात कित्येक वर्षे घोडागाडी हाकण्याची नोकरी केली, हे का गाळले? प्रवासी, घोडे आणि वेळापत्रक सांभाळणारा माणूस आयुष्यभर बेभान होता असे कसे म्हणावे?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने वाचाघातामुळे येणारे कायमचे वाचा व भाषा दिव्यांगत्व मान्य केलेले आहे. चाकाची खुर्ची दिसली की लोक वाट देतात. वाचाघात डोळ्यांना दिसत नाही, तो फक्त ऐकू येतो आणि तोही शिवीच्या रूपात. म्हणून वृत्तपत्राने अधिक काळजी घ्यावी, एवढीच अपेक्षा आहे. त्याच ओघात आणखी एक गोष्ट लिहितो. हयातीचा दाखला डिजिटल पद्धतीने देण्याची सोय २०१४ पासून आहे आणि तो घरी बसूनही देता येतो. त्या दिवशी बँकेतील एकानेही हे वहिनींना सांगितले नाही. ते त्यांना पुढे शेजारच्या निवृत्त शिक्षकांकडून कळले. आपल्या पुरवणीत योगासनांसाठी अर्धे पान असते, मग निवृत्तिवेतनधारकांसाठी दर ऑक्टोबरात या सोयीची चार ओळींची माहिती का देता येऊ नये?

त्या चौकटीबद्दलचा खुलासा येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावा आणि वाचाघात झालेल्या माणसाशी कसे बोलावे यावर एखाद्या स्पीच थेरपिस्टकडून लेख लिहून घ्यावा, ही विनंती. त्या लेखात निदान इतके तरी यावे की अशा माणसाला ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी मान हलवून उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत, एका वेळी एकच विचारावा, उत्तरासाठी थांबावे आणि त्याच्यादेखत सोबतच्या व्यक्तीला ‘यांना कळतं का?’ असे विचारू नये.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक