हनुवटीचा मार आणि कानापुढचे हाड: डॉक्टरांना आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

माझी नऊ वर्षांची मुलगी सायकलवरून हनुवटीवर पडली, तेव्हा जवळच्या दवाखान्यात चार टाके घालून तिला घरी पाठवण्यात आले. दुसऱ्या दिवशी तिचा कान दुखू लागला, तिला घास चावेना आणि तोंड उघडताना हनुवटी डावीकडे सरकू लागली. तरीही कानाचे दुखणे वेगळे, असेच आम्ही धरून चाललो होतो.

आपण मात्र हातमोजे घालून दोन्ही करंगळ्या तिच्या कानांत अलगद ठेवल्या, तिला तोंड उघडायला सांगितले आणि लगेच ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढायला पाठवले. सगळा जबडा एका लांबट चित्रात उलगडला, त्यात आम्हाला काहीच वावगे दिसले नाही. आपण मात्र डावा काँडाइल, म्हणजे कानापुढच्या सांध्यात बसणारे जबड्याचे टोक, उजव्याशी पुन्हा पुन्हा ताडून पाहत राहिलात. खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा असल्यामुळे हनुवटीवरचा मार हाडातून वर चढून काँडाइलच्या बारीक मानेशी ते मोडू शकतो, आणि मोडलेले टोक आतल्या बाजूला झुकले की ओपीजीत ते नजरेतून निसटू शकते, हे आपण कागदावर पेन्सिलीने काढून समजावले. लहान वयात किरणे बेतानेच द्यावीत म्हणून आपण पूर्ण डोक्याचा सीटी न सांगता जबड्यापुरता सीबीसीटी, म्हणजे कमी किरणांत होणारा त्रिमितीय स्कॅन, करवला. पडद्यावर एकेक काप पुढे सरकत गेला आणि एका कापात मानेवरची काळी रेघ व आत कललेले टोक मलाही दिसले.

ही मोड तशीच राहिली असती, तर वाढत्या वयात सांधा जखडण्याची आणि त्या बाजूचा जबडा आखूड राहण्याची भीती होती. वेळेवर निदान झाल्यामुळे शस्त्रक्रिया टळली. मऊ आहार आणि आइस्क्रीमच्या काड्या दातांमध्ये एकावर एक वाढवत करायचा व्यायाम, एवढ्यावर भागले. हनुवटी फाटलेल्या प्रत्येक मुलाचा कानापुढचा सांधा तपासला जावा, असे मला आता कळकळीने वाटते.

आता तिच्या तोंडात तिची तीन बोटे उभी मावतात. पुढच्या तपासणीला ती काड्यांची जुडी आपल्याला दाखवायला घेऊन येणार आहे.

आपला ऋणी,
एक पालक