गोफरची ती एक ओळ

प्रिय बंड्या,

तीन महिने ना पत्र ना फोन. रागावला असशील तर हक्क आहे तुझा. तब्येत ठीक, आईचा गुडघाही बरा. लिहायला बसलो ते तुझ्या कालच्या निरोपामुळे : 'लॅबचा स्क्विड अजून ५ वरच, मस्त चाललाय.' झोपच उडाली.

अरे, सगळ्या लॅबचं नेट ज्यातून जातं त्या स्क्विड प्रॉक्सीत, ६.०.१ च्या आधीच्या आवृत्त्यांत, गोफर या जुन्या, वेबसारख्या प्रोटोकॉलचा कोड आहे आणि तो कायम चालू असतो. त्यात नल पॉइंटरची, म्हणजे रिकाम्या पत्त्यावरून वाचायला जाण्याची चूक आहे; सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०२३-४६७२८. आतल्या कुणी प्रॉक्सीकडे गोफरचा पत्ता मागितला आणि पलीकडून नको तसं उत्तर आलं, की स्क्विड कोसळतो. सर्व्हर पाजीच हवा असं नाही, सरळमार्गी गोफर सर्व्हरच्या उत्तरानेही पडू शकतो. त्याच्यावर लक्ष ठेवणारा स्क्विडचाच पालक प्रोसेस त्याला परत उठवतो, पण तोवर सगळ्यांचे डाउनलोड तुटलेले, मेमरीतला कॅश गेलेला. लागोपाठ पडत राहिला तर पालकही नाद सोडतो, मग लॅबभर नेट बंद.

हॉस्टेलवर आपलं यावरूनच वाजलं होतं ना? 'न वापरलेलं पडून राहिलं तर काय खातं?' म्हणालास, आणि दोन दिवस माझ्या वाटणीचा चहा पीत राहिलास! १९९१ चा प्रोटोकॉल, कुणी वापरत नाही, पण दार उघडंच.

आता तू म्हणशील, सेफ पोर्ट्समधून, म्हणजे प्रॉक्सीने मोकळ्या ठेवलेल्या पोर्टांच्या यादीतून, गोफरचा ७० काढतो. काढ, पण भागणार नाही. त्याच यादीत १०२५ ते ६५५३५ मोकळे असतात. पत्त्यात ८०७० पोर्ट घातला की गेला आत. म्हणून प्रोटोकॉलच अडव. स्क्विडच्या कॉन्फिगमध्ये 'प्रोटो' प्रकारची गोफर नावाची एसीएल (विनंती ओळखायची अट) कर आणि तिच्यावर एचटीटीपी-ॲक्सेस डिनाय, म्हणजे नकाराची ओळ लाव. ही ओळ लोकलनेटच्या अलाऊच्या, म्हणजे आतल्या नेटवर्कला परवानगी देणाऱ्या ओळीच्या, वरच हवी, कारण आधी जुळेल तो नियम लागतो. मग कॉन्फिग पार्स करून (तपासून) बघ, चूक नसेल तरच रीकॉन्फिगर करून लागू कर.

नुसत्या आवृत्तीच्या आकड्यावर जाऊ नकोस. लिनक्स डिस्ट्रोवाले जुना आकडा ठेवून आत पॅच (दुरुस्ती) घालतात. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) वरचा सीव्हीई क्रमांक शोध. सापडला तरी ओळ राहू दे, आणि सुट्टीत ६ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर जा.

गौरीची ॲडमिशन झाली का? वहिनींना नमस्कार. गोफरचा एक पत्ता स्वतः मागून बघ आणि ॲक्सेस लॉगमध्ये डिनाइड, ४०३ आलं की ती ओळ मला पाठव. रात्री कितीही वाजले तरी.

तुझा,
नंदू