गुडघा सरळ होतोय का, ते आधी बघ

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "आई, पेशंटला हात न लावता कसली फिजिओथेरपी?" तुझी ड्युटी सुरू व्हायची होती म्हणून तेव्हा बोलले नाही. पण गुडघा बदललेल्या पेशंटकडून व्हिडिओ कॉलवर व्यायाम करून घ्यायचं हे काम तू नाराजीनं करू नयेस, असं मला मनापासून वाटतं.

ही सोय कुणासाठी आहे ते बघ. लालबागच्या जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी बाई, लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि उभा. गुडघा बदलून घरी आली की तिला खाली उतरवायला दोन माणसं लागतात, मग टॅक्सी, ट्रॅफिक, ओपीडीची रांग. क्लिनिकला पोचेपर्यंत पाय सुजून टम्म. अशी बाई दोनदा येते आणि मग येईनाशी होते. आणि नेमके हेच पहिले सहा-आठ आठवडे महत्त्वाचे असतात. तेव्हा व्यायाम बुडाला तर सांधा आखडतो, आणि कधी कधी सर्जनला पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागतो.

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, तेव्हापासून आपण हातांनीच शिकत-शिकवत आलो, त्यामुळे तुझी शंका मला समजते. पण कॅनडातल्या क्यूबेकमधल्या गुडघा बदललेल्या 205 रुग्णांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. काहींना घरी जाऊन उपचार दिले, काहींना व्हिडिओवर, आणि व्हिडिओवाले मागे पडले नाहीत. अर्थात तिथे रुग्णाच्या घरी खास यंत्रणा बसवली होती. तुझ्या पेशंटकडे सुनेचा मोबाइल असेल, तोही अर्ध्या चार्जिंगवर.

म्हणून पहिली पाच मिनिटं मोबाइलला दे. पेशंट हौसेनं समोर तोंड करून बसतात. समोरून गुडघ्याचा कोन कळतच नाही. मोबाइल बाजूला, स्टुलावर, गुडघ्याच्या उंचीला, डब्याला टेकवून ठेवायला सांग. खुबा, गुडघा, घोटा तिन्ही एका चौकटीत आले पाहिजेत. खिडकी पेशंटच्या पाठीमागे नको. बायकांना आदल्या दिवशीच सैल पॅंट घालायला सांग, म्हणजे ऐनवेळी गाऊन वर घ्यायचा संकोच होत नाही.

आता मुख्य गोष्ट. सगळे विचारतील, "मॅडम, किती वाकला? नव्वद झाला का?" सरळ किती झाला, हे कुणी विचारत नाही. ते तू विचार, रोज विचार. गुडघा थोडा जरी वाकलेला राहिला तरी माणूस लंगडतो, मांडीचा स्नायू लवकर थकतो, पुढे कंबर धरते. आणि घरचे तर मायेनं गुडघ्याखाली उशी देतात! ती पहिल्याच दिवशी काढायला लाव. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली हवी, गुडघ्याखाली नाही.

इथेच तुझ्या हातांची अडचण सुटते. टॉवेल काढून पाय गादीवर सपाट ठेव म्हणावं, आणि सुनेला गुडघ्याच्या मागे तळहात सरकवायला सांग. "आता काकूंनी गुडघा खाली दाबायचा. तुमचा हात दाबला जातोय का?" ती सांगेल ते नीट ऐक. दोन्ही गुडघ्यांवर हाताची पाठ ठेवून गरमपणाही तीच सांगेल. शिंप्याच्या टेपनं सूजही तीच मोजेल, दर वेळी त्याच जागी. घरातलं असं एक माणूस पहिल्या आठवड्यातच तयार कर.

काही गोष्टी मात्र कॅमेऱ्यावर सोडू नकोस. पहिली तपासणी आणि पहिला जिना प्रत्यक्षच व्हायला हवा, त्यासाठी वरिष्ठांशी भांडावं लागलं तरी चालेल. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे पेशंटकडून पाठ करून घे. पोटरी दुखते का, सुजली आहे का, जखमेतून पाणी येतंय का, ताप आहे का, हे दर कॉलला विचार. पोटरीत रक्ताची गुठळी झाल्याची शंका आली तर त्याच दिवशी हॉस्पिटल. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर कॉल तिथेच थांबवून त्यांना ताबडतोब इमर्जन्सीत पाठव. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं व्यायाम ठेव. कळ सोसत कुणी पाय वाकवत नाही.

"खाली मांडी घालून पूजेला कधी बसता येईल?" हे हमखास विचारतील. खोटी आशा लावू नकोस. सर्जनला विचारून सांग, आणि तोवर देवघरासमोर खुर्ची मांडून द्यायला घरच्यांना सांग.

रविवारी दादरला येशीलच. बाबांना कॉटवर बसवून आपण मोबाइलच्या जागा करून बघू, आणि तुझ्या पहिल्या पेशंटला विचारायचे प्रश्न लिहून काढू. येताना गोनिओमीटर, सांध्याचा कोन मोजायची ती पट्टी, आण. पडद्यावर दिसलेला कोन आणि प्रत्यक्ष मोजलेला कोन यांत किती फरक पडतो, ते तुला स्वतःला कळायला हवं.

तुझी,
आई